नेसीच्या पोटापाण्याचा प्रश्न

स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसहून बस ए-82 रस्त्याला लागली की थोड्याच वेळात डाव्या हाताला लॉक नेस हे सरोवर सुरू होतं, आणि मग ते सरता सरत नाही. लांबी जवळजवळ 37 किलोमीटर, रुंदी जेमतेम दीड, आणि खोली काही ठिकाणी 230 मीटरच्या आसपास. इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या सरोवरांचं पाणी एकत्र केलं तरी इथल्याइतकं भरत नाही.

1933च्या मे महिन्यात ‘इन्व्हरनेस कुरियर’ने पाण्यातल्या अजस्र प्राण्याची, म्हणजेच लाडक्या ‘नेसी’ची, बातमी छापली आणि बघ्यांची रीघ लागली. पुढच्याच वर्षी ‘डेली मेल’मध्ये तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो आला. ती मान खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली होती, हे 1994 मध्ये उघड झालं. साठ वर्षं एका खेळण्याने जगाला खेळवलं!

अर्कहार्ट किल्ल्याचे भग्न बुरूज बघून बोटीत बसलो. पाणी ओंजळीत घेतलं तर पिवळसर तपकिरी, वरून पाहिलं तर काळंकुळकुळीत. आसपासच्या डोंगरांवरून पीटचे, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचे, कण वाहून येतात त्यामुळे. मध्येच डेकवर आरडाओरडा झाला. संथ पाण्यावर तीन काळे उंचवटे ओळीने सरकत होते! मीही फोन काढलाच. कधीच पुढे निघून गेलेल्या एका बोटीच्या त्या लाटा होत्या. उभ्या काठांवर आपटून त्या परततात, तोवर बोट दिसेनाशी झालेली असते.

अशा काळोख्या पाण्यात काय दडलं असेल, असं कुणालाही वाटावं. गंमत अशी की नेसीचा घात हा काळोखच करतो. उजेड खोल जात नाही, म्हणून शेवाळ कमी; शेवाळ कमी म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी, आणि म्हणून मासेही कमी. इथल्या माशांचं एकूण वजन साधारण 20 टन धरतात. शिकारी प्राण्यांचं वजन भक्ष्याच्या फार तर दहावा हिस्सा, म्हणजे दोन टन. त्यातही एकटा प्राणी शतकानुशतकं टिकत नाही, कळप लागतो. वीस जणांत वाटणी केली तर वाट्याला शंभर-शंभर किलो. एवढ्यावर राक्षस म्हणवून घ्यायचं कसं? प्लेसिओसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला पाण्यातला सरपटणारा प्राणी म्हणावा, तर ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले, आणि दहा-बारा हजार वर्षांपूर्वी इथे नुसता बर्फ होता. शिवाय फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी दिवसातून कितीतरी वेळा वर आला असता.

2018 मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले नील गेमेल यांनी इथल्या पाण्याचे सुमारे 250 नमुने घेऊन डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही; वाम माशाचा डीएनए मात्र जिकडेतिकडे. डीएनएवरून वाम आहे एवढं कळतं, केवढी आहे ते कळत नाही. त्यामुळे त्यांनी महाकाय वामीची शक्यता पुरती खोडली नाही, आणि सरोवराजवळच्या ड्रमनाड्रोचिट गावातल्या दुकानदारांचा जीव भांड्यात पडला असावा.