गेस्टमध्ये ‘नो मायक्रोकोड’ दिसतंय? माझे नऊ दिवस असे गेले

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. दोन मशिन्स आहेत, दोन्हींत इंटेलचे झिऑन सिल्व्हर ४११०, वर लिनक्स आणि व्हर्च्युअल मशिन्स (व्हीएम) चालवणारी केव्हीएम व लिबव्हर्ट ही सॉफ्टवेअर. खरं मशीन म्हणजे होस्ट, त्यावरची व्हीएम म्हणजे गेस्ट. गेल्या वर्षी सिक्युरिटी ऑडिट झालं. ऑडिटरने डेटाबेसच्या व्हीएममध्ये ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमधली एमडीएसची फाइल उघडली आणि तिच्यातली ओळ जशीच्या तशी अहवालात टाकली: ‘व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड; एसएमटी होस्ट स्टेट अननोन’.

एमडीएस हा १४ मे २०१९ ला जाहीर झालेला दोष. प्रोसेसरच्या आतल्या छोट्या बफरांत दुसऱ्याचा डेटा उरतो आणि तो चोरून वाचता येतो. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, अपडेट करता येणारं सॉफ्टवेअर) नवं असेल तर ‘व्हीईआरडब्ल्यू’ ही जुनीच इन्स्ट्रक्शन ते बफर पुसून टाकते. होस्टवर तीच फाइल ‘मिटिगेशन’ म्हणत होती, म्हणजे मायक्रोकोड चढलेलं होतं. मग गेस्ट ‘नाही’ का म्हणतोय?

ज्यांच्याकडे आमचं सपोर्टचं कंत्राट होतं त्यांना तिकीट टाकलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: गेस्टमध्ये मायक्रोकोडचं पॅकेज टाका आणि रीबूट करा. मी टाकलं, रीबूट केलं, ओळ तीच. पुन्हा फोन. “सर, एकदा परत रीबूट करून बघा ना.” परत केलं. दर वेळी रात्री साडेअकराला, शाखांची कामं आणि बॅकअप संपल्यावर. आज सांगतो, कुणी गेस्टमध्ये मायक्रोकोड टाकायला सांगितलं तर ऐकू नका. आपण हायपरव्हायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या थरावर) आहोत हे कळलं की गेस्टचं कर्नल ते चढवतच नाही. मायक्रोकोड फक्त होस्टवर. हे मला तिकिटाच्या उत्तरात मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, याचा राग अजून आहे.

सहाव्या दिवशी मी स्वतःच व्हीएमची एक्सएमएल (तिच्या सेटिंगची फाइल) उघडली. सीपीयू मॉडेल: आयव्हीब्रिज, म्हणजे इंटेलची एक जुनी पिढी. पूर्वी ताफ्यात एक जुना सर्व्हर होता. चालू व्हीएम न थांबवता त्याच्यावर हलवता यावी (लाइव्ह मायग्रेशन) म्हणून हे मॉडेल निवडलेलं. तो सर्व्हर भंगारात गेला, मॉडेल राहून गेलं. प्रोसेसरमध्ये काय आहे हे गेस्टला सीपीयूआयडीतून (प्रोसेसरने दिलेल्या वैशिष्ट्यांच्या यादीतून) कळतं आणि सीपीयूआयडीत काय दाखवायचं हे क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) ठरवतं. ‘एमडी-क्लिअर’ हा (बफर पुसता येतात हे सांगणारा) फ्लॅग क्यूएमूच्या कुठल्याच इंटेल मॉडेलमध्ये आपोआप येत नाही, हाताने लिहावा लागतो. ‘एसएसबीडी’ (स्पेक्टरसारख्या एका दोषावरचा उपाय) हाही स्कायलेकपर्यंतच्या मॉडेलांत हातानेच लिहावा लागतो.

लिहिला. रीबूट. ओळ तीच!

आणखी दोन रात्री गेल्या. शेवटी आमच्या टीममधला धाकटा मुलगा माझ्या मागे उभा होता, तो म्हणाला, “दादा, आयडी अजून सातच आहे की.” ‘व्हर्श लिस्ट’ या कमांडच्या पहिल्या रकान्यात प्रत्येक चालू व्हीएमचा आकडा असतो. रीबूटआधी ७, रीबूटनंतरही ७. क्यूएमूची प्रोसेस बघितली तर मार्चपासून तीच चालू. गेस्टच्या आतून रीबूट केलं की क्यूएमू नुसतं रीसेट होतं, प्रोसेस मरत नाही आणि नवी एक्सएमएल वाचली जात नाही. व्हर्शचीच ‘डम्पएक्सएमएल’ कमांड एकदा साधी आणि एकदा ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ लावून चालवा. तुमचा नवा फ्लॅग पहिल्यात नसेल आणि दुसऱ्यात असेल तर तुमचा बदल अजून लागू झालेला नाही. ‘शटडाउन’ करून मग ‘स्टार्ट’ केलं, आयडी झाला १२ आणि फाइल म्हणाली ‘मिटिगेशन: क्लिअर सीपीयू बफर्स’. त्या रात्री घरी जाताना रंकाळ्यावर गाडी थांबवून दहा मिनिटं नुसता बसलो.

‘एसएमटी होस्ट स्टेट अननोन’ हे शब्द मात्र गेस्टमध्ये राहणारच. होस्टचं एसएमटी, म्हणजेच हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकदम दोन कामं), चालू आहे की बंद, हे गेस्टला कळायचा मार्गच नाही. ऑडिटरला हे आधीच लेखी द्या.

मन लावून अभ्यास केल्यावर कळलं की अहवालातल्या त्या ओळीने प्रत्यक्षात काही बिघडत नव्हतं. फ्लॅग दिसत नसला तरी कर्नल व्हीईआरडब्ल्यू चालवतं (‘अटेम्प्टेड’ म्हणजे तेच) आणि होस्टचं मायक्रोकोड असल्याने बफर पुसले जातच होते. खरं नुकसान अहवालात नव्हतंच. क्यूएमूच्या आयव्हीब्रिजमध्ये ‘स्पेक-सीटीआरएल’ नाही, म्हणून गेस्टच्या आत स्पेक्टर या दोषाविरुद्धची आयबीपीबी (प्रोसेसरचे जुने अंदाज पुसण्याची सोय) मिळत नव्हती. ‘पीसीआयडी’ही नाही. मेल्टडाउन या आणखी एका दोषावरच्या उपायामुळे दर सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेल्या कामाला), जाताना आणि येताना, पेज टेबल बदलतं. पीसीआयडी नसेल तर प्रत्येक वेळी टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची तात्पुरती नोंद) रिकामा होतो. डेटाबेससारख्या सतत सिस्टिम कॉल करणाऱ्या कामाला हे फार महाग पडतं. आता मॉडेल ‘स्कायलेक-सर्व्हर-नोटीएसएक्स-आयबीआरएस’ आहे, त्यावर एसएसबीडी आणि एमडी-क्लिअर. महिनाअखेरचा व्याजाचा रिपोर्ट ४० मिनिटांवरून ३१ वर आला.

त्यात थोडा वाटा दुसऱ्या गोष्टीचाही आहे. होस्टवर कुणीतरी ‘व्हीएमएंट्री एलवनडी फ्लश’ हे ‘ऑलवेज’वर ठेवलं होतं. म्हणजे गेस्टमध्ये परत शिरताना दर वेळी ३२ केबीची एलवन डेटा कॅश रिकामी. ‘कंड’ ठेवलं तर होस्टने मध्ये धोक्याचं कोड चालवलं असेल तेव्हाच फ्लश होतो. आमचे सगळे गेस्ट आमचेच आहेत, म्हणून मी ‘कंड’ केलं. अनोळखी लोकांना व्हीएम भाड्याने देत असाल तर हा निर्णय तुमचा तुम्ही नीट विचार करून घ्या, हायपरथ्रेडिंगसकट.

एक राहिलं. नवे फ्लॅग द्यायच्या आधी दोन्ही होस्टवर मायक्रोकोड सारखं करा, नाहीतर मायग्रेशन अडतं. आणि गेस्टमध्ये कंटेनर चालत असतील तर कर्नल ५.१६ किंवा पुढचं घ्या. त्याआधी सेककॉम्प (सिस्टिम कॉलवर बंधन घालणारी सोय) वापरणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला एसएसबीडी आपोआप लागायचं आणि ती मंदावायची. माझी भीती होती की गेस्टने स्पेक-सीटीआरएल रजिस्टरमध्ये लिहिलं की दर वेळी व्हीएम एक्झिट होईल, म्हणजे गेस्ट थांबून ताबा होस्टकडे जाईल. तसं होत नाही. शून्याखेरीज किंमत पहिल्यांदा लिहिली की केव्हीएम ते रजिस्टर गेस्टला थेट मोकळं करतं. ज्या गेस्टने कधीच लिहिलं नाही, त्याच्यासाठी दर एक्झिटला ते वाचून ठेवायचा खर्चही पडत नाही. ही रचना ज्यांनी केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

उरलेली चार व्हीएम पुढच्या रविवारी शटडाउन-स्टार्ट केली. धाकट्याने चारही नवे आयडी वहीत लिहून घेतले.