बेळगावकरांचं बंदर: वेंगुर्ला आणि निवती

बेळगावात रामघाट रोड सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती वाट पूर्वी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला जाऊन भिडायची, हे आता फारसं कुणी सांगत नाही. इंग्रजांनी बेळगावात छावणी वसवली तेव्हा तिचा माल वेंगुर्ल्याला उतरून बैलगाड्यांनी वर यायचा, आपल्याकडचा कापूस त्याच वाटेनं खाली जायचा. रेल्वे आली आणि ही वर्दळ आटली. समुद्र म्हटलं की आपण सरळ गोवा गाठतो. माझं म्हणणं, आधी हे आपलं बंदर बघा.

आता जायचं ते शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी करत आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ला. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. एसटीनं जाणार असाल तर निघण्याआधी स्टँडवर चौकशी करा, कारण सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसा अचानक बंद होतात आणि माणूस मधेच अडकतो. पावसाळ्यात आंबोलीत धुकं एवढं दाटतं की पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही, त्यामुळे घाट उजेडातच उतरा.

वेंगुर्ल्यात डच वखार चुकवू नका. १६३७ मध्ये, मुलूख विजापूरच्या आदिलशाहीचा असताना, डचांनी इथं ठाणं मांडलं. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करायला त्यांना ही जागा सोयीची होती. मी पाहिली तेव्हा छप्पर गेलेलं होतं, जाड भिंती तेवढ्या उभ्या होत्या आणि चिऱ्याच्या सांधीत झाडांनी मुळं रोवलेली होती. एवढा ऐवज असा उघड्यावर बघून जीव तुटतो. भिंतींवर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. दगड सुटे झालेत. तिथून बंदरावर जा. टेकडीवर दीपगृह आहे, संध्याकाळी वरून होड्या परतताना दिसतात.

मुक्काम वेंगुर्ल्यातच करा, कारण जवळच्या निवती या मच्छीमारांच्या गावी सकाळीच पोचायला हवं. म्हापणवरून रस्ता आहे; शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणांचा. नशीब असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघायला मिळते. होडीतून जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं रांगेनं ते ओढत राहतात. म्हातारे, कॉलेजातली पोरं, सगळे एका लयीत. दोन्ही रांगा हळूहळू जवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात येते, तेव्हा आतलं पाणी उकळल्यासारखं दिसतं. पेडवे, तारली, मधूनच बांगडे. बायका टोपल्या घेऊन तयारच असतात, निवड आणि भाव तिथंच होतो. एका आजीनं विचारलं, "बेळगावसून इल्यात? मगे बांगडे घेतल्याशिवाय जावचा नाय."

पर्ससीन जाळी (माशांचा अख्खा थवा वेढून घेणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या उजेडानं मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीनं रापणीला मासा उरत नाही, ही इथली मोठी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. एवढी माणसं दोर ओढतात आणि कधी जाळ्यात टोपलीभरच येतं. म्हणून मासळी घ्यायची तर त्यांच्याकडूनच घ्या, फार घासाघीस करू नका. दोर ओलांडू नका, पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, फोटो विचारून काढा. दोराला हात लावावासा वाटला तर आधी विचारा, बहुधा हसून जागा देतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरनंतर जा.

बंदराच्या डोक्यावर निवतीचा किल्ला आहे, थोड्याच चढाचा. १८१९ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. आता तट पडके आणि झाडी माजलेली, पण वरून भोगव्याची लांबच लांब पुळण दिसते. ऊन चढण्याआधी जा आणि पाणी बरोबर ठेवा.

रोख पैसे वेंगुर्ल्यातच काढून घ्या. मासळी बेळगावपर्यंत न्यायची तर बर्फ आणि झाकणाचा डबा लागतोच. दुपारी जेवून लगेच निघालात तर आंबोली उजेडात चढून होते.