चुना, सिलिकेट आणि काव : दांडिया बाजारातील जुन्या घराचे रंगकाम

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमचे घर पातळ विटांचे आणि चुन्याच्या जुळणीचे आहे. खालच्या मजल्यावर सागाचे खांब व तुळया आहेत आणि माजघरात लाल कोबा आहे. मूळ भिंतींना चुन्याचा गिलावा आणि त्यावर सफेती होती. मागच्या पिढीत केव्हातरी भिंतींच्या खालच्या भागाला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर लांबी (भिंत गुळगुळीत करणारी पुट्टी) आणि लांबीवर प्लॅस्टिक इमल्शन चढले. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर रंगाला फोड येत. नखाने फोड फोडला की आतून पिठासारखी पांढरी भुकटी गळे. दर दिवाळीला रंगारी तो भाग खरवडून पुन्हा लांबी भरत असत. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात पसरले, त्यानंतर भिंतींतील ओल सिमेंटच्या गिलाव्याच्याही वर, छातीपर्यंत चढलेली दिसू लागली, आणि मी हे रंगकाम मुळापासून वेगळ्या पद्धतीने करवून घेण्याचे ठरवले.

बोलावलेल्या पहिल्या ठेकेदाराने भिंत ठोकून पाहिली आणि ‘वॉटरप्रूफ’ लेपाचा दर सांगितला. मला तो उपाय उलट्या दिशेचा वाटला. जमिनीतील पाणी विटांमधून वर चढते आणि भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते; जुना चुन्याचा गिलावा ते उडू देत असे. सिमेंटचा घट्ट थर आणि इमल्शनचा पापुद्रा यांनी ही वाट बंद केली, म्हणून पाणी अधिक उंच चढले आणि त्यात विरघळलेले क्षार पापुद्र्याच्या आड साठून स्फटिक होऊ लागले. स्फटिक वाढताना विटेचा पृष्ठभागच फोडतात. त्यावर आणखी एक न झिरपणारा लेप चढवणे म्हणजे ओल वरच्या मजल्याकडे ढकलणे होते. खनिज लेपांकडे मी वळले ती एवढ्याच कारणाने. चुना असो वा सिलिकेटचा खनिज रंग, तो भिंतीवर चिकटून बसलेला पापुद्रा नसतो, तर भिंतीशी रासायनिक रीतीने जुळलेला, वाफ बाहेर सोडणारा थर असतो. आणि त्याचा टिकाऊपणा डब्यावरील हमीपेक्षा खालच्या पृष्ठभागावर अधिक अवलंबून असतो.

दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा उतरवण्याचे काम सुरू झाले. यंत्राने तो लवकर उतरला असता, पण विटाही फुटल्या असत्या, म्हणून मिस्त्रींनी छिन्नी तिरपी धरून हलक्या हाताने ठोके घातले. काही ठिकाणी सिमेंट इतके घट्ट बसले होते की त्याबरोबर विटेची साल निघाली. उघड्या पडलेल्या भिंतीवर पहिल्या आठवड्यातच पांढरी लव उगवली. ती पाण्याने धुण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु पाण्याने क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात, म्हणून आम्ही ती कोरड्या कुंच्याने झाडून खाली कागदावर गोळा केली आणि घराबाहेर टाकली. जिथे लव पुन्हा पुन्हा येत होती तिथे भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप देऊन तो वाळू दिला. वाळताना लगदा क्षार ओढून घेतो आणि मग पापडासारखा सुटून येतो. भिंती उन्हाळाभर तशाच उघड्या ठेवल्या. “अगं, पावसाळ्याआधी भिंती झाकल्या नाहीस तर भोकांत विंचू शिरतील,” असे सासूबाई रोज बजावीत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, म्हणून सांधे तेवढे चुन्याने भरून घेतले.

भिंती वाळत होत्या त्या काळात चुना मुरत ठेवला. कळीचा चुना राजस्थानातील गोटनहून आलेला मिळाला. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की शुद्ध दगडाच्या 100 किलोंतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात पडताच खदखदू लागतो. अंगणातील लोखंडी पिंपात मिस्त्री एकेक पाटी चुना सोडत होते तेव्हा काही मिनिटांत पाणी उकळून वाफेचे लोट उठले, आणि पिंपाजवळ कोणालाही चष्म्याशिवाय फिरकू द्यायचे नाही हा नियम मी कडकपणे पाळला, कारण चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विझलेला चुना चाळून, वर चार बोटे पाणी राहील असा पिंपातच झाकून ठेवला. मुरलेल्या चुन्याला लोण्यासारखा गुळगुळीतपणा येतो; घाईने विझवलेल्या चुन्यात न विझलेले कण राहतात, ते गिलावा झाल्यावर ओल घेऊन फुगतात आणि भिंतीला खड्डे पाडतात. बाजारात मिळणारी चुन्याची कोरडी भुकटी वापरा असा सल्ला अनेकांनी दिला. ती सफेतीला चालते. गिलाव्याला मात्र मुरलेला चुनाच हवा, असे माझे मत या कामानंतर पक्के झाले.

गिलाव्याचे काम नवरात्रानंतर धरले, कारण त्या दिवसांत वडोदऱ्यात रात्रभर गरबा चालतो आणि सकाळी मजूर मिळणे कठीण असते. चुना एक भाग आणि वाळू व सुरखी मिळून तीन भाग असे प्रमाण ठेवले. सुरखी म्हणजे विटांचा बारीक चुरा. कमी आचेवर भाजलेल्या विटांची सुरखी चुन्याशी संयोग पावते आणि त्यामुळे गिलावा ओलीतही घट्ट होतो. खालच्या भागात सुरखी अधिक घातली. प्रत्येक थर लाकडी रंध्याने दाबून घेतला आणि पुढचे काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवला. सिमेंटच्या सवयीचा तरुण गवंडी रोज विचारीत असे की हे अजून मऊच कसे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून घट्ट होतो आणि ते काम बाहेरून आत, फार संथपणे चालते. ते डोळ्यांनी पाहता यावे म्हणून महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाचीने फिनॉल्फ्थॅलीनची, म्हणजे कच्च्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या द्रवाची, छोटी बाटली आणली. गिलाव्याचा एक कोपरा तोडून त्यावर थेंब टाकले तेव्हा आतला भाग गडद गुलाबी झाला आणि बाहेरची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची कड रंगहीन राहिली. तेवढाच चुना दगड झाला होता. त्यानंतर त्या गवंड्याने घाई केली नाही, आणि पुढे काही आठवड्यांनी स्वतःच बाटली मागून घेऊन परीक्षा करून पाहिली.

देवघराच्या भिंतीला जयपूर पद्धतीची अराईश, म्हणजे घोटून चकाकी आणलेला चुन्याचा गिलावा, करवून घ्यावी, ही माझी हौस होती. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याची चित्रे लहानपणापासून पाहिलेली असल्याने भिंतीचा पृष्ठभाग हीच एक पाहण्याजोगी वस्तू असू शकते, हे मनात होते. अराईशीत बारीक वाळूच्या थरावर चुना आणि संगमरवराची भुकटी यांचे पातळ थर देतात. वरच्या थराचा चुना दही घालून दीर्घकाळ मुरवलेला आणि कापडातून गाळलेला असतो. रंग ओल्या थरावर द्यायचा असतो आणि त्यासाठी चुन्याचा तिखटपणा सोसणारे खनिज रंगच लागतात. काव आणि पिवडी, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या तांबड्या व पिवळ्या माती, याला निर्धास्त चालतात. निळ्याच्या बाबतीत सावध राहावे लागले: प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही, तो तपकिरी पडतो, सफेतीत घालतात ती नीळ मात्र अल्ट्रामरीन असल्याने टिकते. आम्ही पिवडीवरच थांबलो.

खरी कसोटी घोटाईची होती. राजस्थानकडील एका कारागिराने खंभातहून आणलेला अकीकाचा गुळगुळीत दगड मुठीत धरून, अंगठ्याच्या जोराने लहान लहान फेरे घेत भिंत घोटली. थर फार ओला असताना दगड फिरवला तर तो उचलला जातो, उशीर झाला तर चकाकी येत नाही. ही मधली वेळ तो बोटाची पाठ लावून ओळखत असे. सुरुवातीला भिंत मळकट दिसते, मग एका जागी अचानक खिडकीचे प्रतिबिंब उमटते आणि तिथून चकाकी पसरत जाते. शेवटी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. एकदा सुरू केलेला भाग त्याच दिवशी पुरा करावा लागतो, म्हणून देवघरासारख्या लहान खोलीपलीकडे ही हौस मी कोणाला सुचवणार नाही.

दर्शनी भिंतीसाठी पोटॅशियम सिलिकेटचा रंग घेतला. हा प्रकार बव्हेरियातील आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी 1878 साली पेटंट केला. यातील द्रव सिलिकेट चुन्याच्या आणि वाळूच्या कणांशी संयोग पावून न विरघळणारा खनिज थर बनवते. रंगद्रव्येही खनिजच असल्यामुळे उन्हाने ती फिकी पडत नाहीत. दुकानात मात्र ‘सिलिकेट’ या नावाखाली बराच ॲक्रिलिक मिसळलेले रंगही विकले जातात. म्हणून मी सेंद्रिय अंश किती, एवढेच विचारत राहिले. जर्मन मानक डीआयएन 18363 प्रमाणे अशा तयार रंगात तो वजनाच्या 5 टक्क्यांहून अधिक चालत नाही. किंमत इमल्शनपेक्षा बरीच जास्त पडली. जिप्सम, पीओपी किंवा जुने इमल्शन यांवर हा रंग धरत नाही, त्यामुळे वरच्या मजल्याच्या भिंतीवर आधी पाण्याचे थेंब टाकून पाहिले; जिथे थेंब मोत्यासारखे उभे राहिले तिथे जुना पापुद्रा शिल्लक होता, आणि तेवढा भाग पुन्हा खरवडला. सिलिकेट काचेला कायमचा डाग पाडते, म्हणून दारावरच्या रंगीत काचांच्या झडपा आम्ही प्लॅस्टिकने काठोकाठ झाकल्या. आमची दर्शनी भिंत पश्चिमेकडे आहे, तेव्हा ऊन येण्याआधी सकाळीच, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता, कड वाळू न देता रंग दिला. मध्येच थांबले तर सांधा दिसतो आणि वरून ठिगळ लावून तो झाकता येत नाही. भिंत पावसात भिजली की रंग गडद दिसतो आणि वाळताच मूळ छटेवर येतो. शेजाऱ्यांना हे प्रथम दोष वाटले.

माजघरातील कोबा बहुतांशी शाबूत होता. भेगा पडलेला एक कोपरा काढून नवा केला, तेव्हा सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा अधिक लाल ऑक्साइड घातले नाही, कारण त्याहून जास्त घातल्यास रंग फारसा गडद होत नाही, पृष्ठभाग मात्र कमजोर होतो. जुन्याशी रंग तंतोतंत जुळत नाही हे मिस्त्रींनी आधीच सांगितले होते, त्यामुळे त्या कोपऱ्याला काचपट्टी घालून वेगळा चौकोनच केला. पाणी साठवून तो मुरू दिल्यानंतर वर आलेली पांढरी झाक कोरड्या फडक्याने घासून गेली. त्यावर अॅसिडची बाटली फिरवू नये, एवढे कामवाल्या मावशींना सांगितले. लिंबाचा रसही कोब्यावर डाग पाडतो.

लाकडाचे काम सर्वांत कटकटीचे निघाले. खांबांवर तैलरंगाचे जाड थर होते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दशलक्ष भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत काय असेल याचा भरवसा नसल्याने कोरडे घासकाम करू दिले नाही. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडला आणि खरवड पिशवीत भरली. स्वीडनमध्ये फालुनच्या तांब्याच्या खाणीतील लोहमातीचा लाल रंग पिठाच्या खळीत शिजवून लाकडी घरांना देतात, पण तो खडबडीत, रंधा न मारलेल्या लाकडासाठी असतो. आमच्या घोटीव सागाला उकळलेल्या जवसाच्या तेलात थोडी काव मिसळून, फडक्याने अगदी पातळ हात दिले. जवसाचे तेल उडून वाळत नाही, ते ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जाड हात दिला तर वर साय येते आणि खाली चिकट राहते. याच कारणाने तेलाची फडकी चुरगळून टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. आम्ही ती रोज गच्चीवर पसरून वाळवीत असू. रेषांमधून काव दिसते आणि वर लाकडाचा पोत राहतो, हा परिणाम मला अराईशीपेक्षाही अधिक आवडला.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचा ओटा यांना यातील काहीच लावलेले नाही. तिथे फरश्याच आहेत. जिन्याच्या भिंतीला नुसती चुन्याची सफेती दिली, ती दर दोन वर्षांनी पुन्हा देता येईल आणि तिचा खर्चही किरकोळ आहे. पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी पहिल्या पावसाळ्यात पांढरी लव थोडी उगवली, ती कोरड्या कुंच्याने झाडली. खालचा सुरखीचा गिलावा क्षार स्वतःत घेतो आणि विटा वाचवतो, तो खराब झाला तर तेवढाच पट्टा बदलता येतो. खांबांना तेलाचा पुढचा हात हिवाळ्यात द्यावयाचा आहे.