बोटं आत की बाहेर?

जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम. अमेरिकेत, अलाबामातल्या एका कृष्णवर्णीय विद्यापीठात जुन्या वसतिगृहाची भिंत आमच्याकडे होती. तिच्या विटा तिथल्याच विद्यार्थ्यांनी थापल्या, भाजल्या आणि रचल्या. हा धडा अलाबामातल्याच टस्कीगी शाळेचा. 1881 साली सुरू झालेल्या त्या शाळेत तिचे पहिले प्रमुख, कृष्णवर्णीय शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या विटांच्या पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी त्यांनी 15 डॉलरला घड्याळ गहाण टाकलं. भट्टी जमली, घड्याळ मात्र कायमचं गेलं.

आमच्या भिंतीचा घात सिमेंटने केला होता. पूर्वीच्या कुणा ठेकेदाराने दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या. जुनी वीट मऊ. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडते. सिमेंट ती वाट अडवतं, मग ओल विटेतून निघते, क्षार आतच साचतात आणि विटेचं तोंड पोपड्यांसारखं गळतं. पुण्यातल्या वाड्यांवर हेच पाहिलंय. मजबुतीच्या नावाखाली भिंत मारायची, याचा मला मनस्वी संताप येतो. आम्ही ग्राइंडर न लावता छिन्नीने दरजा मोकळ्या केल्या, एकास तीन चुना-वाळू भरली आणि ओलं गोणपाट टांगून ठेवलं.

ऑक्टोबरात होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळावा होता. माजी विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या जमतात, बँड वाजत फिरतो, प्रत्येक भगिनीसंघ-बंधुसंघाचं (विद्यार्थ्यांच्या आजीव संघटनांचं) आपल्या रंगातलं बाक असतं. त्याआधी परांची उतरवायची होती.

तेव्हाच एक वीट निघाली. बाहेरचं तोंड पार गेलेलं, पण आतल्या बाजूला तीन बोटांचे ठसे खोल रुतलेले. ओली वीट उचलताना कुणा पोराचे. अशी वीट फिरवून लावणं ही आमच्या धंद्यातली रुळलेली पद्धत. म्हणजे बोटं बाहेर येणार.

आवारात आलेल्या एका वयस्कर माजी विद्यार्थिनीने वीट हातात घेतली, आपली बोटं त्या खड्ड्यांत बसवली आणि म्हणाल्या, "ही आता पुन्हा पुरू नका."

आमचे गवंडी सत्तरीचे, त्याच आवारात हे काम शिकलेले. इतका सरळ थर लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते म्हणाले, "त्या पोराने डागाळलेली बाजू मुद्दाम आत घातली. त्याला चांगलं काम दाखवायचं होतं. त्याची चूक तुम्ही का मिरवता?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शंभर वर्षांनी त्या पोराच्या कौशल्यापेक्षा त्याची बोटंच लोकांना हवीशी वाटतात, हे मला खुपलं. तरी निर्णय माझा होता. मी वीट फिरवायला सांगितली. त्यांनी ती लावली, दरज तासून चोख केली, आणि अवाक्षर बोलले नाहीत.

होमकमिंगला त्या विटेपाशी फोटोंसाठी रांग लागली. गवंडीबाबा मात्र येणाऱ्यांना वरची कमान दाखवत होते. तिथली एकही वीट ओळंब्याबाहेर नाही.