धिंगरी, समुद्रफूल आणि पेशीला पडणारे भोक

धिंगरी अळिंबी निवडताना तिच्या पंख्यासारख्या टोपीखालचे नाजूक पडदे मी हल्ली थांबून न्याहाळते, कारण स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना विद्यापीठात अभ्यासले गेलेले ऑस्ट्रिओलायसिन हे प्रथिन याच अळिंबीतले आहे. तेथेच लाल समुद्रफूल या सागरी प्राण्यातील इक्विनाटॉक्सिन या विषारी प्रथिनावरही दीर्घकाळ काम झाले आहे. समुद्रफुलाचे हे प्रथिन पेशीच्या पटलातील, म्हणजे तिच्या पातळ आवरणातील, स्फिंगोमायलिन हा मेद ओळखून त्याला चिकटते, त्याचे काही रेणू एकत्र येऊन पटलाला आरपार भोक पाडतात आणि आत शिरणाऱ्या पाण्याने पेशी फुगून फुटते.

धिंगरीचे प्रथिन मात्र एकट्याने हे करू शकत नाही; त्याला प्लुरोटोलायसिन बी या जोडीदाराची साथ लागते, आणि त्या जोडीदाराचे 13 रेणू गोल कडे करून भोक तयार करतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते ही जोडी कोणत्या पेशी निवडते ते. कीटकांच्या पेशीपटलात सेरामाइड फॉस्फोइथेनॉलअमाइन नावाचा मेद असतो, आपल्या पेशींत तो जवळजवळ नसतोच, आणि ऑस्ट्रिओलायसिनच्या कुळातली काही प्रथिने नेमकी त्यालाच घट्ट धरतात. म्हणूनच बटाट्याची पाने फस्त करणाऱ्या कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या अळ्यांवर ही जोडी प्रयोगशाळेत घातक ठरली आहे.