उंचवटा दिसला म्हणजे कण सापडला असं नाही

ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं केंद्रक. त्यात क्वार्क सहा असतात: प्रोटॉनचे तीन, न्यूट्रॉनचे तीन. पण त्याची बंधनऊर्जा जेमतेम २.२२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कणांचं वस्तुमानही याच एककात सांगतात). एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहावीत तसे ते दोघे राहतात, चूल वेगळीच. शोध चालू आहे तो याहून घट्ट रचनेचा, म्हणजे सहाही क्वार्क एकाच पिशवीत असलेल्या डायबॅरिऑनचा. १९६४ साली डायसन आणि शुआँग या भौतिकशास्त्रज्ञांनी सममितीच्या गणितावरून अशा सहा अवस्थांची यादी मांडली. त्यातली एक २३५० एमईव्हीच्या आसपास असावी, असा त्यांचा अंदाज होता.

पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात डायबॅरिऑन सापडल्याचे दावे पुष्कळ झाले. नोंदी वाढल्या, डिटेक्टर सुधारले आणि बहुतेक दावे विरून गेले. या क्षेत्रातली माणसं आलेखावरच्या नव्या उंचवट्याकडे (कण असल्याची खूण) आजही संशयाने पाहतात ती त्यामुळेच, आणि ते योग्यच आहे.

आज टिकून असलेला सर्वांत भक्कम उमेदवार म्हणजे डी-स्टार (२३८०). जर्मनीत युलिश इथल्या कोझी या वर्तुळाकार त्वरकावर वासा नावाच्या डिटेक्टरने तो २०११ साली दाखवला. कोझीचा परिघ १८४ मीटर. इंदूरकरांसाठी सांगायचं तर आपल्या कॅटमधल्या (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ या इलेक्ट्रॉन साठवणाऱ्या वर्तुळाचा १७२.५ मीटर आहे, म्हणजे आकार साधारण तोच. काम मात्र पूर्ण वेगळं.

प्रक्रिया कागदावर सोपी आहे. प्रोटॉन न्यूट्रॉनवर आदळवायचा आणि ड्यूटेरॉन अधिक दोन उदासीन पायॉन (प्रोटॉनहून हलके, अल्पायुषी कण) बाहेर पडलेल्या टकरी निवडायच्या. २३८० एमईव्ही गाठायला प्रोटॉनची गतिज ऊर्जा सुमारे १.१४ जीईव्ही (१ जीईव्ही = १००० एमईव्ही) लागते. पहिली अडचण इथेच येते. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत क्षय पावतो, त्याचं लक्ष्य करता येत नाही. म्हणून गोठवलेल्या ड्यूटेरियमच्या (ज्याचं केंद्रक ड्यूटेरॉन असतं तो जड हायड्रोजन) गोळ्या वापरतात. व्यास साधारण ३० मायक्रॉन, आणि सेकंदाला हजारोंनी त्या बीममधून खाली पडतात. ज्या तोटीतून द्रव थेंबाथेंबाने सुटतो ती तुंबली की काम थांबतं.

गोळीतला न्यूट्रॉन स्थिर नसतो. ड्यूटेरॉनच्या आत तो हलत असतो, त्यामुळे बीमची ऊर्जा एकच ठेवली तरी टकरीची ऊर्जा शंभरेक एमईव्ही इकडेतिकडे पसरते. हा तोटा आहे तसा फायदाही आहे, कारण एका बीममध्ये ऊर्जेचा मोठा पट्टा तपासून होतो. अट एवढीच की त्या ड्यूटेरॉनमधला प्रोटॉन खरोखर प्रेक्षकच राहिला पाहिजे, टकरीत सामील होता कामा नये. त्याचा संवेग साधारण १५० एमईव्ही प्रति सी याच्या वर गेला, की तोही टकरीत सामील झाल्याची शंका घ्यायची आणि ती नोंद सोडून द्यायची.

आता मोजणी. प्रत्येक पायॉनचे दोन फोटॉन, म्हणजे एकूण चार. दोन फोटॉनच्या ऊर्जा आणि त्यांच्यामधला कोन कळला की जोडीचं वस्तुमान निघतं, ते १३५ एमईव्ही यायला हवं. चार फोटॉनच्या जोड्या तीन प्रकारे लागतात, त्यातला सर्वांत जुळणारा प्रकार घ्यायचा. ऊर्जा-संवेगाच्या चार अटी आणि पायॉनांच्या दोन, अशा सहा अटी हातात असतात. प्रेक्षक प्रोटॉन न मोजल्यामुळे त्यातल्या तीन त्याच्यावर खर्च होतात. उरलेल्या तीन अटींवर बाकीचा कचरा गाळावा लागतो. कचरा येतो कुठून? एका फोटॉनचा वर्षाव स्फटिकांत फुटून दोन वाटतो. दोन जवळचे फोटॉन मिसळून एक होतात. तीन पायॉनांच्या सहा फोटॉनपैकी दोन निसटले की चारच उरतात, आणि ती नोंद साळसूदपणे आत शिरते.

ड्यूटेरॉन ओळखणं याहून त्रासाचं. पातळ थरातली ऊर्जाहानी आणि एकूण ऊर्जा यांचा गुणाकार ढोबळमानाने वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. म्हणून आलेखावर ड्यूटेरॉनचा पट्टा प्रोटॉनच्या साधारण दुप्पट उंचीवर दिसतो. पण बरेच ड्यूटेरॉन प्लॅस्टिकच्या थरातच फुटतात आणि त्यांची पूर्ण ऊर्जा नोंदली जात नाही. उलट काही प्रोटॉन वरच्या पट्ट्यात घुसतात.

एवढं करून २३८० जवळ सुमारे ७० एमईव्ही रुंदीचा उंचवटा आला. इथून पुढचं काम मला खरं महत्त्वाचं वाटतं. बीम १.०, १.२ आणि १.४ जीईव्ही अशा तीन ऊर्जांना चालवला. उंचवटा बीमसोबत सरकला असता तर तो उपकरणाचा दोष ठरला असता. तो जागचा हलला नाही. मग आयसोस्पिनचा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन यांच्यातल्या सममितीच्या अंकाचा, हिशेब. या कणाचा तो शून्य मानला जातो. विद्युतभारित पायॉनांच्या जोडीचा काटछेद (टकरीतून ती मिळण्याच्या शक्यतेचं माप) हा उदासीन जोडीच्या दुप्पट, अधिक एक भारित-एक उदासीन जोडीच्या निम्म्याइतका असायला हवा. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत, जिथे आयसोस्पिन शून्य असूच शकत नाही, तिथे हा उंचवटा दिसत नाही.

सर्वांत निर्णायक पुरावा २०१४ चा. स्पिन एका दिशेने लावलेल्या ड्यूटेरॉनचा २.२७ जीईव्हीचा बीम हायड्रोजनच्या गोळ्यांवर सोडला आणि न्यूट्रॉन-प्रोटॉनचं साधं विकिरण मोजलं. कण खरा असेल, तर त्याने नुसत्या टकरीच्या दिशेवरही ठसा उमटवला पाहिजे. आणि त्याचा स्पिन ३ असेल, तर तो ठसा ९० अंशांपाशी ठळक हवा. तसाच मिळाला. आंशिक तरंगांच्या विश्लेषणात (टकर कोनीय संवेगानुसार वेगळी करून) २३८० ± १० एमईव्हीवर ध्रुव, म्हणजे कणाची गणिती खूण, निघाला; काल्पनिक भाग, म्हणजे रुंदीचा निम्मा, ४० ± ५.

तरी वाद मिटलेला नाही. दोन डेल्टांच्या (प्रोटॉनचे जड, अल्पायुषी भाऊबंद) एकत्रित वस्तुमानाच्या उंबरठ्यापेक्षा (२४६४) तो ८४ एमईव्ही खाली आहे, आणि दोन मोकळ्या डेल्टांची रुंदी मिळून २३५ च्या आसपास जाते. मग ७० कशी, हा प्रश्न घट्ट रचनेच्या बाजूने बोलतो. पण पायॉन एकामागून एक निघून असाच उंचवटा तयार होऊ शकतो, असं गणितही मांडलं गेलं आहे. कण आहे हे मला पटतं. पिशवी एक की बिऱ्हाडं दोन, ते अजून ठरलेलं नाही.

फोटॉन ड्यूटेरॉनवर मारूनही डी-स्टार शोधता येतो, त्याला सुमारे ५७० एमईव्हीचा फोटॉन पुरतो. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन २.५ जीईव्हीचे आहेत, मग इथे का नाही, असं विचारलं जातं. लेझरचा प्रकाश त्या इलेक्ट्रॉनवरून उलटा परतवला, तर ३५५ नॅनोमीटरच्या लेझरलाही कमाल ३०० एमईव्हीच्या आतच फोटॉन मिळतो. कमी पडतो. बीममध्ये तार घालून फोटॉन काढावेत, तर साठवलेले इलेक्ट्रॉन झिजतात आणि क्ष-किरणांवर काम करणाऱ्यांचा वेळ वाया जातो. शिवाय प्रत्येक फोटॉनची ऊर्जा टिपणारा चुंबक आणि शेकडो स्फटिकांचा डिटेक्टर वेगळाच.

एच-डायबॅरिऑन ही दुसरी वाट: दोन अप, दोन डाउन, दोन स्ट्रेंज. जॅफी यांनी १९७७ मध्ये तो दोन लॅम्डांच्या (एक स्ट्रेंज क्वार्क असलेले कण) वस्तुमानापेक्षा (२२३१ एमईव्ही) सुमारे ८० ने हलका असेल असं म्हटलं. २००१ च्या नागारा घटनेने ती आशा मोडली. इमल्शनमध्ये (कणांचा माग टिपणारा फोटोग्राफिक थर) दोन लॅम्डा असलेलं हेलियम केंद्रक दिसलं, आणि त्या दोघी फक्त सातेक एमईव्हीने बांधलेल्या निघाल्या. एच खोल बांधलेला असता तर लॅम्डांचा क्षय होण्याआधीच त्या एचमध्ये बदलल्या असत्या. म्हणून आता नजर उंबरठ्याच्या अगदी जवळ आहे. जपानमधल्या जे-पार्क या त्वरक केंद्रातल्या ई४२ प्रयोगात १.८ जीईव्ही प्रति सी संवेगाचे केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेले कण) हिऱ्याच्या लक्ष्यावर मारले. हिरा ही चैन नव्हे. त्यात कार्बन दाट असतो, त्यामुळे पातळ तुकड्यातही टकरी पुरेशा होतात आणि बाहेर पडणाऱ्या कणांची ऊर्जा लक्ष्यातच कमी होत नाही.