पिनेची खूण

दुपारी आडवी पडून एक हलकीफुलकी प्रेमकादंबरी वाचत होते. नायिकेने पहिल्याच भेटीत एक बारीकशी थाप मारलेली, ती निस्तरता निस्तरता दीडशे पानं झाली. खरं सांगायला ती चौथ्यांदा तोंड उघडते आणि नेमकी दाराची बेल वाजते. "अगं बाई, सांगून टाक ना एकदाचं!" मी मोठ्यांदा म्हणाले. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

मलपृष्ठ म्हणतं, ही प्रामाणिकपणाची आणि आत्मविश्वासाची गोष्ट. असं काही वाचलं की मला जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीतला नायक डार्सी आठवतो. एकसष्टपैकी चौतिसाव्या प्रकरणात तो नायिकेला, एलिझाबेथला, मागणी घालतो. तुझं घराणं माझ्या तोलाचं नाही, मनाला किती आवरलं, सगळं तोंडावर! आणि ही नाही म्हणेल, हे त्याच्या स्वप्नातही नाही. ती नाही म्हणते. नुसत्या या दोन गुणांवर जमत असतं, तर पुढची सत्तावीस प्रकरणं लिहावीच लागली नसती.

माझी पहिली प्रेमकादंबरी मी आठवीत भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचली. मैत्रिणीची होती. आईने पकडलं. "हे कुठल्या खंडात येतं?" एवढंच विचारून तिने ती कपाटावर टाकली. दोन दिवसांनी ती झोपलेली बघून मी स्टुलावर चढले. पुस्तक उघडलं, तर साठाव्या पानावर तिची केसांची पिन. वाकडी, टोकाचा काळा रंग उडालेली. मी माझी बारा पानं वाचली आणि पिन होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी ती नव्वदीत गेलेली.

आठवडाभर असंच. दुपारी मी, रात्री बहुधा ती. एकदा जेवताना मला उगाच हसू फुटलं, तिलाही. काय झालं म्हणून कोणीच विचारलं नाही.

मग मैत्रीण पुस्तक मागायला लागली. काढलं, तेव्हा पिन शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी होती. ती मी आरशापुढच्या डबीत टाकली आणि पुस्तक देऊन आले. पुस्तक कुठे गेलं, हे आई विचारणार तरी कशी?

आता ती ऐंशीला टेकली आहे. त्या कादंबरीचा शेवट मला अजून लख्ख आठवतो. परवा फोनवर सांगणारच होते.

मग गुडघ्याचं विचारलं.